शिवजयंतीला 200 पिशव्या दिल्या, मग मे महिन्यात चार का मिळेनात?

प्रश्न विचारणारा भाऊ कागल तालुक्यातला आहे. त्याच्या आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन 12 मे ला कोल्हापुरात ठरलं होतं. डॉक्टरांनी बी पॉझिटिव्हच्या चार पिशव्या तयार ठेवायला सांगितल्या. रक्तपेढीनं दोन दिल्या आणि बाकीच्यांसाठी रक्तदाते आणा म्हणून सांगितलं. यानं मंडळाची पाच पोरं गाडीत घालून नेली. त्यातल्या तिघांना तीन महिने झाले नाहीत म्हणून आणि एकाला हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. शेवटी ऑपरेशनला एकच पिशवी लागली. दुसरी परत द्यायला गेला तर घेतली नाही, पैसेही मिळाले नाहीत. आणि याच मंडळानं 19 फेब्रुवारीला शिबिर घेऊन 200 पिशव्या दिल्या होत्या. त्याचा सवाल सरळ आहे: आमचं रक्त गेलं कुठं, विकलं का?

मी कोल्हापुरातल्याच एका रक्तपेढीत बावीस वर्षं काम करतो. पहिली दहा-अकरा वर्षं रक्त घेण्यात आणि क्रॉसमॅच लावण्यात (रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते तपासण्यात) गेली, त्यानंतर साठा सांभाळायचं काम अंगावर आलं. तुम्ही कुठल्या पेढीत गेला होता ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. त्यामुळं तिथं त्या दिवशी नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नाही. पण असा प्रसंग दर मे महिन्यात आमच्या काउंटरवरही होतो, आणि समोरच्या माणसाला समजावून सांगायला तेव्हा कुणालाच वेळ नसतो. म्हणून इथं निवांत लिहितो.

तुमचा राग ‘रक्त गेलं कुठं’ यावर आहे. पण तुमच्याच हकिगतीत याहून मोठी गोष्ट दडलेली आहे. 19 फेब्रुवारीपासून दिवस मोजा. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, बाईला 120 दिवसांचं. 19 फेब्रुवारीला रक्त दिलेला पोरगा 20 मे ला मोकळा होतो. तुमच्या आईचं ऑपरेशन 12 तारखेला. म्हणजे ज्या दिवशी गावाला रक्ताची गरज पडली, त्या दिवशी गावातले बहुतेक रक्त देणारे कुलूपबंद होते, आणि त्यांनी दिलेलं रक्तही मुदत संपून गेलेलं होतं. लाल पेशींची पिशवी सीपीडीए या रक्त टिकवणाऱ्या साध्या द्रावणात 35 दिवस टिकते, सॅगम हे जादा द्रावण असलेल्या पिशवीत 42 दिवस. 19 फेब्रुवारीत 35 मिळवा, 26 मार्च येतो. 42 मिळवले तरी 2 एप्रिल. त्यानंतर ती पिशवी कितीही चांगली दिसली तरी रुग्णाला लावता येत नाही. त्या 200 तल्या लाल पेशी तोवर कुणाच्या तरी अंगात गेल्या, नाही तर फेकाव्या लागल्या. मे महिन्यापर्यंत त्यातली एकही उरणं शक्यच नव्हतं.

‘बँक’ या शब्दानं लोकांचा मोठा घोळ केला आहे. ठेव ठेवली, कार्ड मिळालं, आता लागेल तेव्हा काढू, असं वाटतं. 2020 साली कायद्याच्या नियमांतून ‘ब्लड बँक’ काढून ‘ब्लड सेंटर’ आणलं, रक्त केंद्र. लोकांच्या तोंडी अजून बँकच आहे. मला विचाराल तर आमचं काम गावातल्या दूध संस्थेच्या जवळ जातं. दूध रोज येतं, रोज जातं, संकलन एक दिवस थांबलं की बोंब आणि एक दिवस जास्त आलं की नासाडी. म्हैस महिन्याचं दूध एकाच दिवशी देत नाही म्हणून संस्था चालते. शिबिरं घेताना मात्र आपण वर्षाचं दूध एकाच सकाळी काढायला बसतो.

आता त्या 200 पिशव्यांचं काय होतं ते बघू. सगळ्याच पिशव्या वापरायला मिळत नाहीत. काहींत रक्त पुरेसं भरत नाही, सुई सरकते, पोरगं घाबरून हात ओढतं. प्रत्येक पिशवीची पाच चाचण्या केल्याशिवाय सुटका नाही: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया. एकीत जरी दोष निघाला तरी पिशवी नष्ट. चाचण्या होईपर्यंत सगळा माल क्वारंटाइन फ्रिजमध्ये वेगळा असतो, त्याला कुणी हात लावत नाही.

मग सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवून एका पिशवीच्या तीन होतात. लाल पेशी 2 ते 6 अंशांवर, 35 किंवा 42 दिवस. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, 20 ते 24 अंशांवर, तेही सतत हलणाऱ्या ट्रेवर, आणि फक्त 5 दिवस. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, उणे 30 अंशांखाली गोठवला की एक वर्ष. म्हणजे तुमच्या मंडळाच्या प्लेटलेट फेब्रुवारी संपायच्या आत संपल्या, वापरल्या गेल्या असोत वा नसोत. प्लेटलेट ज्यात लागतात तो डेंग्यूही फेब्रुवारीत फारसा नसतो, त्यामुळं त्यातल्या बऱ्याच वायाच गेल्या असतील. लाल पेशींचं मघाशी सांगितलं. आणि प्लाझ्मा? तो कदाचित आजही कुठल्या तरी डीप फ्रीजरमध्ये दगडासारखा पडलेला असेल, किंवा त्यापासून अल्ब्युमिन, फॅक्टर आठ वगैरे औषधं बनवणाऱ्या कारखान्याकडं गेला असेल. जादा प्लाझ्मा असा द्यायला परवानगी आहे, त्याचा लिटरमागे दरही ठरवून दिलेला आहे. एका रक्तपेढीनं दुसरीला ठोक पिशव्या द्यायलाही 2015 पासून मुभा आहे. तेव्हा कागलात गोळा झालेलं रक्त सांगलीत किंवा मुंबईत लागलं असेल तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट ते गेलं नसतं तर इथं एकाच वेळी मुदत संपून गटारात गेलं असतं.

‘विकलं का’ याचं उत्तर मात्र सरळच देतो. रक्ताला किंमत लावायची नाही हा कायदा आहे. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदा सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून बंद झाला. पेढी तुमच्याकडून घेते तो प्रक्रिया खर्च: पिशवी, चाचण्यांचे किट, वीज, माणसं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेनं खासगी आणि ट्रस्टच्या पेढ्यांसाठी लाल पेशींच्या पिशवीला 1550 रुपयांची मर्यादा घातली आहे, नॅटसारखी (विषाणू लवकर पकडणारी) जादा चाचणी केली तर तिचे वेगळे. याहून भलतीच रक्कम मागितली, पावती दिली नाही, पिशवीचा नंबर लिहून दिला नाही, तर गप्प बसू नका. रक्तपेढीचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडं असतो, तिथं लेखी तक्रार करा. सगळीकडं स्वच्छ कारभार आहे असं मी म्हणणार नाही, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पण तुमच्या प्रकरणात तुम्ही सांगितलं त्यात मला चोरी दिसत नाही. नियोजनाचं दिवाळं दिसतं, आणि त्यात पेढीचा वाटा तुमच्या मंडळाइतकाच आहे. 200 पोरं एका दिवशी आली तेव्हा ‘निम्मी मे महिन्यात या’ असं पेढीनं सांगायला हवं होतं.

आम्ही तरी कुठं सांगत होतो? माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. साठ्याचं काम नवीन होतं तेव्हा एका आठवड्यात लागोपाठ दोन शिबिरं लागली, एक एका नेत्याच्या वाढदिवसाचं, दुसरं एका तालमीचं. दोन्हीकडून आग्रह, नाही म्हणायला जीभ रेटेना. फ्रिज भरले, मला वाटलं चला, महिना निवांत. पाचव्या आठवड्यात सकाळी सात वाजता मी फ्रिजसमोर स्टूल घेऊन बसलो आणि एबी पॉझिटिव्ह, ए पॉझिटिव्हच्या पिशव्या एकेक करून काढून डिस्कार्डच्या लाल डब्यात ठेवल्या. प्रत्येक लेबलवर रक्तदानाची तारीख तीच. शेवटी मोजल्या तर 38 भरल्या. त्याच दिवशी दुपारी ओ निगेटिव्ह एकही नव्हती. त्या दिवसापासून आमच्या भिंतीवर तारखांचा एक मोठा तक्ता लागला, आणि शिबिराला नाही म्हणायला मी शिकलो.

साठा किती ठेवायचा याचं गणित फार अवघड नाही, फक्त रोज करावं लागतं. समजा एखाद्या पेढीतून रोज 20 पिशव्या लाल पेशी जातात. आपल्या भागात ओ आणि बी गट सर्वांत जास्त, त्यानंतर ए, सर्वांत कमी एबी. निगेटिव्ह गट शंभरात साधारण पाच जणांचा. म्हणजे वीसमधल्या सात बी, सात ओ, चार-पाच ए आणि एखाद-दुसरी एबी. मी प्रत्येक गटाचा किमान पाच-सहा दिवसांचा माल हाताशी ठेवतो आणि बारा-पंधरा दिवसांपेक्षा जास्त होऊ देत नाही. खाली गेलं की फोन सुरू, वर गेलं की शिबिर पुढं ढकला किंवा दुसऱ्या पेढीला विचारा. मोठं रुग्णालय, हृदयाची ऑपरेशनं, अपघात विभाग असेल तर हे आकडे वेगळे. प्रसूतीचं छोटं रुग्णालय असेल तर आणखी वेगळे. दुसऱ्याचा तक्ता उचलून लावता येत नाही.

बी पॉझिटिव्ह तर घरटी आहे, तो कसा संपतो, असं तुम्ही विचारलंय. देणारे भरपूर तसे लागणारेही भरपूर, म्हणून संपतो. शिवाय सर्वांना वाटतं तो मिळेलच, म्हणून त्यासाठी कुणी धावपळ करत नाही. निगेटिव्ह गट असला की नातेवाईक आठवडाभर आधीपासून फोन करतात. बी च्या रुग्णाला ओ च्या लाल पेशी चालतात, हेही खरं. पण ओ चा साठा आम्ही हातचा राखून असतो, कारण महामार्गावरून अपघाताचा माणूस आणला आणि गट तपासायलाही वेळ नसला की ओ च द्यावा लागतो. तुम्हाला दोनावर ‘आणखी बी नाही’ असं सांगितलं त्याचा अर्थ बहुधा ‘आणखी बी नाही आणि ओ सुद्धा सोडण्याइतका नाही’ असा होता.

वापरायचा क्रम ठरलेला: ज्याची मुदत आधी संपते ती पिशवी पुढच्या ताटात, ती आधी द्यायची. याला अपवाद आहेत. नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल, किंवा थॅलेसेमियाची (अंगात रक्त नीट तयार न होण्याच्या जन्मजात आजाराची) पोरं असतील, तर ताजी पिशवी काढावी लागते. ही पोरं दर दोन-चार आठवड्यांनी येतात, त्यांना जुनं रक्त दिलं तर फेऱ्या वाढतात. दर खेपेस त्यांच्या आईबापाकडं बदली रक्तदाता मागणं मला कधीच पटलं नाही. त्यांनी रक्तदाते आणायचे तरी किती?

आता चार पिशव्यांचं बघू. डॉक्टरांनी चार सांगितल्या आणि लागली एक, म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. सर्जनच्या जागी बसून बघा. माझ्या ओळखीच्या एका सर्जननं एकदा टेबलावर रक्तस्राव होताना रक्ताची वाट पाहिलेली आहे. तेव्हापासून तो हर्नियालाही दोन पिशव्या मागतो. मी त्याला हसत नाही. पण साठ्याच्या बाजूनं याची किंमत जबरदस्त आहे. चार पिशव्यांचं क्रॉसमॅच लावलं की त्या चारही एकाच रुग्णाच्या नावानं बाजूला निघतात. दोन-तीन दिवस त्या दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. एक लागते, तीन परत साठ्यात येतात, पण दोन-तीन दिवसांनी म्हाताऱ्या होऊन. असं पाच-सहा वेळा झालं की पिशवी कुणालाच न लागता मुदतीला पोचते. त्या दोन दिवसांत दुसऱ्या वॉर्डातला नातेवाईक ‘बी नाही’ ऐकून परत गेलेला असतो, आणि फ्रिजमध्ये बी च्या पिशव्या चिकटपट्ट्या लावून बसलेल्या असतात.

क्रॉसमॅच केलेल्या पिशव्या आणि प्रत्यक्षात लागलेल्या पिशव्या यांचं प्रमाण आम्ही दर महिन्याला काढतो. दोनाला एक, फार तर अडीचला एक, इथपर्यंत ठीक. चाराला एक झालं की रुग्णालयाशी बोलायची वेळ. यावर उपाय असा की ज्या ऑपरेशनला रक्त क्वचितच लागतं, त्याला फक्त गट तपासून अँटिबॉडी स्क्रीन (परक्या रक्ताशी झगडणारे घटक रुग्णाच्या रक्तात आहेत का याची तपासणी) करून ठेवायची. स्क्रीन स्वच्छ असेल तर गरज पडल्यावर थोड्याच वेळात पिशवी हातात देता येते, राखून ठेवायची गरजच नाही. काही रुग्णालयांनी ऑपरेशननुसार किती पिशव्या मागायच्या याची यादी केली आहे, तिथं आमचा ताप निम्मा झाला. काही ठिकाणी अजून ‘चार ठेवा’ हाच मंत्र चालतो.

परत न घेतलेली पिशवी. हे तुम्हाला सर्वांत जास्त लागलं असणार, कारण पैसे गेले. पिशवी आमच्या फ्रिजबाहेर पडली की अर्ध्या तासात परत आली तरच आम्ही ती साठ्यात घेण्याचा विचार करतो. त्यापुढं ती आत किती गरम झाली हे कुणी सांगू शकत नाही. रक्त गरम झालं की जंतू वाढायला जागा होते, पेशी फुटतात. एकदा एक गृहस्थ पिशवी स्कूटरच्या डिकीत घालून आले. वर बर्फाची लादी, पिशवी बर्फाला चिकटलेली. त्यांना वाटलं जितकं थंड तितकं चांगलं. मी ती उजेडात धरली तर वरचा पातळ थर पिवळसर दिसायच्या ऐवजी जांभळट लाल झाला होता. पेशी गोठून फुटल्या होत्या. ती पिशवी रुग्णाला लावली असती तर किडनीवर बेतलं असतं. म्हणून रक्त नेताना आमच्याच डब्यात न्या, वॉर्डात पोचल्यावर लगेच सिस्टरांच्या हातात द्या, आणि दोन सांगितल्या असतील तरी एका वेळी एकच न्या. दुसरी आमच्या फ्रिजमध्ये तुमच्या नावानं सुरक्षित असते आणि लागली नाही तर साठ्यात परत जाते. हे तुम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर एक पिशवी आणि तुमचे पैसे दोन्ही वाचले असते. न लावलेल्या पिशवीचे पैसे परत देण्याचा नियम पेढीपेढीला वेगळा असतो. फ्रिजबाहेर न गेलेल्या पिशवीचे द्यावेत असं माझं मत आहे.

अजून एक गैरसमज, कारण तुम्ही लिहिलंय ‘माझं स्वतःचं बी पॉझिटिव्ह होतं, ते आईला का नाही दिलं’. पहिलं कारण वेळेचं. तुम्ही सकाळी दहाला दिलेलं रक्त चाचण्या होऊन बाहेर पडायला संध्याकाळ होते, कधी दुसरा दिवस. दुसरं कारण लोकांना फारसं माहीत नसतं: आई-मुलगा, भाऊ-बहीण अशा जवळच्या नात्यात रक्त दिलं तर क्वचित प्रसंगी दिलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच हल्ला करतात. हे फार दुर्मीळ आहे, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. ते टाळायचं तर रक्तावर किरणांची प्रक्रिया करावी लागते आणि ती सोय सगळीकडं नसते. त्यामुळं मुलाचं रक्त दुसऱ्याला आणि परक्याचं आईला, हेच बरं.

कोल्हापूरचं कॅलेंडर नीट बघितलं तर आपली तूट आणि भरती कधी येते हे आधीच कळतं. ऑक्टोबर ते मार्च गळीत हंगाम. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रात्री मागचा दिवा नाही, अपघात ठरलेले. याच काळात कॉलेजं चालू असतात, एनएसएसची शिबिरं होतात, फेब्रुवारीत शिवजयंती, त्यामुळं भागून जातं. एप्रिल-मे मध्ये परीक्षा, सुट्ट्या, लग्नसराई, ऊन. पोरं गावाला. पण घरच्यांना सुट्टी असते म्हणून ठरवून करायची ऑपरेशनं नेमकी याच महिन्यांत. तुमच्या आईचंही तसंच असणार. कोकणातून गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या घाटानं येणारे रुग्ण बाराही महिने असतात, निपाणी-बेळगावकडचेही. ते रक्त इथं घेतात, त्यांचे रक्तदाते मात्र तिकडंच. 26 जूनला शाहू जयंतीची शिबिरं झाली की फ्रिज पुन्हा भरतात, आणि मग येतो पाऊस.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आम्हाला खूप शिकवून गेला. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली, शहर तुटलेलं. त्या दिवसांत रक्त द्यायला लोक कंबरभर पाण्यातून यायला तयार होते, कोल्हापूरकरांच्या त्या बाबतीत नादच करायचा नाही. पण आमच्याकडं रक्ताच्या चाचण्यांचे एलायझा किट संपत आले होते आणि नवे पुण्यात अडकले होते. तपासणी नाही तर रक्त घेऊन उपयोग काय? दारातल्या माणसांची नावं-गट लिहून घेतले आणि परत पाठवलं. ते लोक जाताना वळून वळून बघत होते, ते चेहरे अजून डोळ्यासमोर आहेत. तेव्हापासून आमचा नियम: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी यायची वाट बघायची नाही, 35 फूट झाले की किट, रिकाम्या पिशव्या, जनरेटरचं डिझेल, सगळं तीन आठवड्यांचं भरून घ्यायचं. पाणी ओसरलं की डेंग्यू, आणि मग प्लेटलेटची मागणी. त्या पाचच दिवस टिकणाऱ्या, त्यातला एक दिवस चाचण्यांत जाणारा. त्यांच्यासाठी शिबिरही जवळच घ्यावं लागतं, कारण रक्त काढल्यापासून साधारण सहा तासांत त्या वेगळ्या करायच्या असतात. चंदगडच्या टोकाला दिवसभर शिबिर घेतलं तर सकाळच्या पिशव्यांच्या प्लेटलेट हातच्या गेल्याच.

तर तुम्ही काय करावं? आईचं ऑपरेशन झालं, ती बरी असेल अशी आशा. पण गावात पुन्हा अशी वेळ येईल, म्हणून सांगतो. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासा. गर्भाशयाच्या त्रासात बायकांचं रक्त आधीच खूप गेलेलं असतं, सात-आठावर येऊन थांबलेल्या बायका मी रोज बघतो, आणि त्या तशाच भांगलणीला जात असतात. डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोहाचं इंजेक्शन घेतलं तर तीन-चार आठवड्यांत आकडा वर येतो आणि कित्येकदा रक्त लागतच नाही. मात्र हे प्रत्येकीला चालेल असं नाही. रक्तस्राव थांबत नसेल, गाठ कर्करोगाची असेल, तर थांबायला वेळ नसतो. तो निर्णय डॉक्टरांचाच.

दुसरं, ऑपरेशनची तारीख ठरली की दुसऱ्याच दिवशी रक्तपेढीला कळवा, आदल्या रात्री नको. ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर कुठल्या पेढीत कुठला गट आहे ते दिसतं. आकडा कधी कधी कालचा असतो, म्हणून फोन करून खात्री करा. आणि रक्तदात्याचं कार्ड मिळतं त्याच्या मागं बारीक अक्षरात अटी असतात, त्या वाचा. कार्ड म्हणजे तुमच्या नावाची पिशवी कपाटात ठेवलेली आहे असं नव्हे.

आणि मंडळाचं. फ्लेक्सवर ‘विक्रमी 200 बाटल्या’ लिहायचा मोह मी समजू शकतो, शेजारच्या गावानं 150 केल्या असतील तर विषयच संपला. पण त्या 200 पोरांचे चार गट पाडा. पन्नास जण फेब्रुवारीत, पन्नास मे मध्ये, पन्नास ऑगस्टमध्ये, पन्नास नोव्हेंबरमध्ये. गावात कधीही गेलात तरी दीडशे माणसं तरी रक्त देण्याजोगी मोकळी सापडतील, आणि पेढीलाही वर्षभर माल येत राहील. निगेटिव्ह गटाच्या पोरांना तर शिबिरात बसवूच नका. त्यांची नावं आणि फोन नंबर लिहून ठेवा, गरज पडली की बोलवू. आणि हेल्मेट, बॅगा अशा भेटवस्तू बंद करा. त्या मिळाव्यात म्हणून पोरं मागच्या वेळची तारीख लपवतात. दीड महिन्यापूर्वी रक्त दिलेला एक जण आमच्याकडं हसत हसत खुर्चीत बसला होता. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली आलं म्हणून पकडला, नाही तर टेबलावरच आडवा झाला असता. तुमच्या त्या परत पाठवलेल्या पोराचंही एकदा नीट तपासून घ्या. तरुण पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर मागं काहीतरी कारण असतं, मूळव्याध म्हणा, जंत म्हणा.

मंडळातली जाणती माणसं म्हणतील शिवजयंतीचं शिबिर सोडायचं कसं. सोडू नका. आपल्याकडं वैशाख शुद्ध द्वितीयेची पारंपरिक शिवजयंतीही होतेच, अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी. ती नेमकी एप्रिल-मे मध्ये येते, आमच्या सर्वांत कोरड्या महिन्यांत. फेब्रुवारीची मिरवणूक फेब्रुवारीतच काढा, मोठं शिबिर वैशाखात घ्या. तारीख धरायच्या आधी पेढीला एक फोन करा, कुठला गट कमी आहे ते विचारा. वैशाखातलं ऊन असतं, म्हणून मांडव सकाळी सातला तयार ठेवा आणि अकराच्या आत आवरा. पोरांना उपाशीपोटी आणू नका, आदल्या रात्री जागवू नका. अठरा वर्षं पूर्ण नसलेली आणि 45 किलोंच्या खालची पोरं घरूनच गाळून आणा, नाही तर ती रांगेत तासभर उभी राहतात आणि परत जाताना चिडतात.